कॅलिफोर्नियाचा कंट्रोलर, नोव्हेंबर 2022 : कोहेन की चेन?

भारतात कॅगची नेमणूक राष्ट्रपती करतात. कॅलिफोर्नियात तिजोरीवर नजर ठेवणारा कंट्रोलर चक्क निवडून येतो, तेही पक्षाचं नाव लावून. 2022 मध्ये तेव्हाच्या कंट्रोलर बेटी यी यांच्या दोन टर्म संपत होत्या, त्यामुळे त्या निवडणुकीत जागा मोकळी होती.

आधी काम समजून घ्या. राज्याची बिलं चुकती करणं आणि तो पैसा कुठे गेला हे तपासणं, हा त्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा मंडळांवरचा: कॅलपर्स (सरकारी कर्मचाऱ्यांचा) आणि कॅलस्टर्स (शिक्षकांचा) या दोन पेन्शन फंडांच्या मंडळांवर कंट्रोलर असतो, आणि 2022 मध्ये दोन्हींत मिळून 700 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम होती. बजेट मात्र त्याच्या हातात नाही.

मालिया कोहेन (डेमोक्रॅट) यांना यंत्रणा आतून माहीत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सच्या, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाच्या त्या अध्यक्ष होत्या, 2019 पासून राज्याच्या बोर्ड ऑफ इक्वलायझेशन या करमंडळावर होत्या. 2017 च्या कायद्याने त्या बोर्डाचे बहुतेक अधिकार काढून घेतले होते, तेव्हा तिथला अनुभव जरा हात राखूनच मोजावा. पक्षाचं पाठबळ भक्कम. पण ज्यांचा खर्च तपासायचा, तेही त्याच पक्षाचे.

लान्ही चेन (रिपब्लिकन) यांनी तोवर कुठलंही निवडून आलेलं पद सांभाळलेलं नव्हतं. हार्वर्डच्या चार पदव्या, स्टॅनफर्डच्या हूवर इन्स्टिट्यूशन या धोरण-अभ्यास संस्थेत काम, 2012 मध्ये रिपब्लिकनांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांचे धोरणप्रमुख. डेमोक्रॅट ओबामांनीही त्यांना सोशल सिक्युरिटीच्या (केंद्राच्या पेन्शन योजनेच्या) सल्लागार मंडळावर नेमलं होतं. लॉस एंजेलिस टाइम्सने त्यांना पाठिंबा दिला होता, तो मुख्यतः सत्तेबाहेरचा तपासनीस हवा म्हणून. कोविडकाळात बेकारी भत्त्यात सुमारे 20 अब्ज डॉलरची फसवणूक झाली, हे बेकारी भत्ता देणाऱ्या खात्यानेच कबूल केलं होतं. त्यानंतर हा मुद्दा सहज झटकता येत नव्हता.

जूनच्या प्राथमिक फेरीत चेन यांना 37 टक्के, कोहेन यांना 23 टक्के मतं पडली. त्यावर जाऊ नका; डेमोक्रॅट मतं चार उमेदवारांत फुटली होती, आणि 2006 नंतर इथे राज्यभराच्या पदावर एकही रिपब्लिकन निवडून आलेला नाही.

पेन्शनवर अवलंबून असलेले शिक्षक, सरकारी कर्मचारी यांना मंडळांवर ओळखीची, पक्षाच्या धोरणाशी जुळणारी व्यक्ती हवी असती, तर कोहेन. माझं माप मात्र हिशेबतपासणीकडे झुकतं, म्हणून त्या वेळी, या एका पदापुरतं चेन.