रंगरसिया बघा, पण छापखान्यासाठी बघा

राजा रविवर्मांवरचा केतन मेहतांचा रंगरसिया परत बघितला, यावेळी घरीच टीव्हीवर, आणि लिहावंसं वाटलं कारण २०१४ ला थेटरला लागला तेव्हा सगळी चर्चा त्यातल्या बोल्ड सीनचीच झाली, तेही तयार होऊन सहा वर्षं रखडल्यावर. स्टोरी रणजित देसाईंच्या 'राजा रविवर्मा' कादंबरीवरून घेतलीये, त्यामुळे सगळंच इतिहास म्हणून धरून चालू नका.

रणदीप हुडा जबरदस्त! कॅनव्हाससमोर उभा राहिला की त्याचे डोळेच बदलतात. नंदना सेनची सुगंधा पण चांगली आहे, पण त्या दोघांची लव्हस्टोरी फार ताणलीये राव, आणि त्यात धाकटा भाऊ राजाराजा वर्मा मागे पडतो, जो स्वतः चित्रकार होता, आयुष्यभर भावासोबत फिरला, काम केलं, त्याला अजून जागा द्यायलाच हवी होती.

सिनेमाचा जीव आहे तो छापखान्यात. १८९४ ला रविवर्मांनी मुंबईत प्रेस काढली, मशिनरी जर्मनीची, पुढे ती लोणावळ्याजवळ मळवलीला गेली. ओलिओग्राफचं, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्राचं, काम किती किचकट, एकेका रंगाला वेगळा दगड, छापावर छाप बरोब्बर त्याच जागी बसली पाहिजे तेव्हा कुठे लक्ष्मीचा चेहरा उठून येतो. पंचवटीत आमच्या आत्याच्या वाड्यात अशी एक जुनी सरस्वती आहे, साडीच्या काठाला खरी जर चिकटवलेली, टिकल्या लावलेल्या, काचेवर उदबत्तीच्या धुराचा पिवळट थर, आत्या रोज तिलाच फूल वाहते. राजवाड्यात लागणारं चित्र अशा घराघरात पोचलं ते या प्रेसमुळे, आणि दिग्दर्शकाने यावर अजून अर्धा तास दिला असता तरी मी आनंदाने बघितला असता.

रविवर्मांवर अश्लील चित्रं काढल्याचा खटला चालतो, तो कोर्टाचा भाग पण याच्याशीच जोडलेला आहे. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या घरात देव गेला, हा मुद्दा येतो तिथे मी सिनेमा थांबवून आईशी बोलतच बसलो. आपल्याच काळारामाच्या दारात बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला तो १९३० ला, म्हणजे प्रेस निघून छत्तीस वर्षं झाली होती, आणि पाच वर्षं लढा चालूनही दार काही उघडलं नाही. नाशिकच्या माणसाला हा सीन नुसता कोर्टरूम ड्रामा वाटूच शकत नाही.

आणि हो, यात दादासाहेब फाळके पण भेटतात! आपल्या त्र्यंबकचे. ते खरंच रविवर्मा प्रेसच्या कामाशी जोडलेले होते, पुढे १९१३ ला राजा हरिश्चंद्र काढला आणि मग नाशकात फिल्म कंपनी चालवली. छापलेल्या चित्रातले देव पडद्यावर चालायला लागले ते असे, भाग छोटा आहे पण माझ्या अंगावर काटा आला.

लहान मुलांना घेऊन बसू नका, बाकी चित्रकला शिकणाऱ्या पोरापोरींनी तर चुकवूच नका. नाशकात कुणी मोठ्या पडद्यावर याचा शो लावला तर मला नक्की कळवा, आईला आणि आत्याला घेऊन येतो.