ओव्हर द कॅप: होल्डआउटचा हिशेब समजून घ्यायचा असेल तर

जुलैच्या शेवटी पुण्यात पावसाची झड लागलेली असते, त्याच सुमारास तिकडे एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या) ३२ संघांची सराव शिबिरं सुरू होतात आणि दरवर्षी ठरलेली बातमी येते: अमुक खेळाडू शिबिरात आलाच नाही, नवा करार मिळाल्याशिवाय येणार नाही म्हणतो. हाच होल्डआउट. पुण्यात रविवारी रात्री जागून अमेरिकन फुटबॉल बघणारे लोक थोडे असले तरी पक्के आहेत. त्यांच्यातली यावरची चर्चा मात्र बहुतेक वेळा 'खेळाडू हावरट' आणि 'मालक कंजूष' या दोन शब्दांवर संपते. खरं तर हे भांडण आकड्यांचं असतं, आणि ते आकडे जवळजवळ सगळे उघड असतात. ते नीट मांडून देणारं संकेतस्थळ म्हणजे जेसन फिट्झगेराल्ड यांनी सुरू केलेलं ओव्हर द कॅप. मुख्य पानांना पैसे लागत नाहीत.

आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या लिलावाची सवय असलेल्यांनी आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकावी. लिलावातला आकडा म्हणजे त्या हंगामाचा मोबदला. एनएफएलमध्ये 'चार वर्षं, अमुक कोटी डॉलर' या मथळ्यातला मोठा भाग बऱ्याचदा हमीचा नसतो. संघ खेळाडूला मध्येच काढू शकतो, खेळाडूला मात्र करार मोडून दुसरीकडे जाता येत नाही. होल्डआउटचं मूळ या असमतोलात आहे. म्हणून खेळाडूचं पान उघडल्यावर एकूण रकमेकडे न बघता थेट 'गॅरंटीड सॅलरी' हा रकाना गाठावा. चालू वर्षापुढच्या ओळींत तिथे काहीच नसेल, किंवा करार याच वर्षी संपत असेल, तर खेळाडू का अडून बसला ते निम्मं तिथेच कळतं. एक गुडघा गेला की पुढच्या वर्षीचा पगारही गेला.

पानावर दर वर्षाची एक ओळ असते. तीत बेस सॅलरी, प्रोरेटेड बोनस, रोस्टर बोनस, वर्कआउट बोनस आणि शेवटी कॅप नंबर, म्हणजे संघाच्या वार्षिक पगारखर्चावर लीगने घातलेल्या मर्यादेत (कॅप) त्या खेळाडूने खाल्लेली जागा. यात नवख्याला अडवतो तो प्रोरेटेड बोनस. साइनिंग बोनस (करारावर सही केल्याबद्दलची रक्कम) खेळाडूच्या हाती लवकर पडतो, पण संघाच्या हिशेबात तो करारातल्या वर्षांवर सारखा वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षं. डॅलसच्या सीडी लॅम्बचा २०२४ चा करार समजायला सर्वात सोपा आहे. त्या वर्षी त्याचा पाचव्या वर्षाचा पर्याय (पहिला करार संघाने एक वर्ष वाढवण्याची सोय) चालू होता, पगार १ कोटी ७९ लाख ९१ हजार डॉलर. तो शिबिरात गेला नाही आणि २६ ऑगस्टला करार झाला: आणखी चार वर्षं, १३ कोटी ६० लाख डॉलर, त्यात साइनिंग बोनस ३ कोटी ८० लाख. तो बोनस पाच वर्षांवर वाटला की वर्षाला ७६ लाख येतात. त्यात कमी केलेला बेस पगार साडेअकरा लाख मिळवा, की २०२४ चा कॅप नंबर येतो ८७ लाख ५० हजार. खेळाडूला त्याच वर्षी दुपटीहून जास्त पैसे मिळाले आणि संघाच्या कॅपवरचा भार निम्म्यावर आला. 'संघाकडे जागाच नाही' हे शिबिराच्या दिवसांत हमखास ऐकू येणारं वाक्य किती तपासून घ्यावं लागतं, ते या एका ओळीवरून कळतं.

(सगळे आकडे अर्थातच डॉलरमध्ये आणि तीन-तीन अंकांच्या स्वल्पविरामाने असतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन हे पक्कं असलं की पुरे. रुपयांत रूपांतर करत बसू नये, तुलना बिघडते.)

दुसरा नेहमीचा घोटाळा 'सरासरी'चा. लॅम्बची वार्षिक सरासरी ३ कोटी ४० लाख दिसते, कारण ती फक्त नव्या चार वर्षांवर आणि नव्या पैशावर काढलेली असते. जुनं वर्ष धरून पाच वर्षांचा हिशेब केला तर १५ कोटी ३९ लाख ९१ हजार भागिले पाच, म्हणजे साधारण ३ कोटी ८ लाख. खोटं दोन्हीत काही नाही. एजंट पहिला आकडा सांगतो, संघाचा हिशेबनीस दुसऱ्यावर विचार करतो. दोन खेळाडूंची तुलना करताना दोघांसाठी एकच पद्धत वापरली म्हणजे झालं.

या संकेतस्थळाचं सर्वात मोलाचं पान मात्र खेळाडूच्या मुख्य पानामागे दडलेलं आहे: कॉन्ट्रॅक्ट हिस्टरी. तिथे प्रत्येक कराराची सरासरी सही झाली त्या वर्षीच्या कॅपच्या किती टक्के होती ते दिलेलं असतं. याचा उपयोग बघा. सॅन फ्रान्सिस्कोचा निक बोसा २०२३ मध्ये अख्खं शिबिर बाहेर बसला आणि ६ सप्टेंबरला पाच वर्षांचा १७ कोटींचा करार घेऊन परतला. सरासरी ३ कोटी ४० लाख, म्हणजे तंतोतंत लॅम्बइतकीच. पण २०२३ चा कॅप २२ कोटी ४८ लाख होता, २०२४ चा २५ कोटी ५४ लाख. त्यामुळे बोसाचा वाटा १५.१ टक्के, लॅम्बचा १३.३. २०२५ मध्ये कॅप २७ कोटी ९२ लाखांवर गेला आणि मायका पार्सन्सची ४ कोटी ७० लाखांची सरासरी १६.८ टक्के झाली. होल्डआउटमधल्या खेळाडूची मागणी रास्त आहे की नाही, याचं उत्तर शोधायचं तर डॉलर बाजूला ठेवून हाच टक्का बघावा. कॅप दरवर्षी फुगतो, तेव्हा 'इतिहासातला सर्वात मोठा करार' या मथळ्याला फारसा अर्थ उरत नाही.

आता कॅल्क्युलेटरकडे. खेळाडूला काढलं, विकलं, पुनर्रचना केली किंवा मुदत वाढवली तर डेड मनी (खेळाडू गेल्यावरही कॅपवर राहणारी रक्कम) किती आणि बचत किती, हे तिथे करून बघता येतं. चूक होते ती १ जूनची. पान वरवर पाहताना डोळा आधी १ जूनपूर्वीच्या आकड्यांवर जातो, आणि शिबिर तर जुलै-ऑगस्टमध्ये असतं. समजा २ कोटींचा बोनस पाच वर्षांवर वाटलाय आणि दोन वर्षं उलटली आहेत. उरले १ कोटी २० लाख. १ जूनपूर्वी सोडलं तर ते सगळे याच वर्षीच्या कॅपवर बसतात. नंतर सोडलं तर या वर्षी फक्त ४० लाख, बाकीचे ८० लाख पुढच्या वर्षी. म्हणजे ऑगस्टमधला सौदा 'परवडणारच नाही' असं चुकीच्या रकान्यावरून ठरवलं जातं. पर्याय '१ जूननंतर' वर आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासावं.

इथवर हे साधन उत्तम आहे. होल्डआउटचा दुसरा भाग, म्हणजे बाहेर बसण्याची किंमत, खेळाडूच्या पानावर दिसत नाही, आणि ही मोठी उणीव आहे. ती किंमत लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारात लिहिलेली आहे. खेळाडू संघटनेच्या संकेतस्थळावर तो पूर्ण करार पीडीएफ रूपात मोफत मिळतो. कलम ४२ उघडा. पहिल्या, म्हणजे रुकी करारावर असलेल्याला शिबिराच्या चुकलेल्या दर दिवसाला ४० हजार डॉलर दंड, आणि तो संघ माफ करू शकतो. त्यापुढच्या करारावर असलेल्याला दिवसाला ५० हजार, आणि हा माफ करायची संघाला मुभाच नाही. लॅम्ब पहिल्या गटात होता, म्हणून तो इतके दिवस निर्धास्त बाहेर राहू शकला. ज्यांना अजून चार ग्राह्य हंगाम पुरे व्हायचेत त्यांनी कलम ८ बघावं. ठरलेल्या दिवशी हजर न राहिल्यास तो हंगामच मोजला जात नाही, आणि मुक्त खेळाडू (कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा) होण्याची वेळ एक वर्ष पुढे जाते. नव्या मुलांचे होल्डआउट आता क्वचित दिसतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

नियमित हंगाम सुरू झाला की दंडापेक्षा पगार जास्त जातो. त्यासाठी ओव्हर द कॅपवरचा बेस पगार घ्यायचा आणि १८ ने भागायचा, कारण नियमित हंगाम १८ आठवड्यांचा असतो. हासन रेडिक २०२४ मध्ये न्यूयॉर्क जेट्स संघाकडे गेला पण हजर झाला नाही. बेस पगार १ कोटी ४२ लाख ५० हजार, म्हणजे आठवड्याला सुमारे ७ लाख ९२ हजार. सात सामने बुडाले, म्हणजे नुसता पगारच ५५ लाखांच्या वर गेला. दंड वेगळा.

याचाच परिणाम म्हणून आता 'होल्ड-इन' वाढलं आहे. खेळाडू शिबिरात येतो, बैठकांना बसतो, सराव करत नाही. हजेरी लागली की दिवसाचा दंड नाही. बातमीत 'होल्डआउट' लिहिलं असलं तरी खेळाडू आवारात आहे का, हे आधी बघा. नसेल तरच दंडाचा हिशेब मांडा.

आणखी एक मर्यादा. हमी किती हे इथे दिसतं, ती कशाने रद्द होते हे दिसत नाही. २०२५ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सिनसिनाटीने १७ व्या क्रमांकावर निवडलेला शेमार स्टुअर्ट सहीशिवाय अडून राहिला तो हमी रद्द करणाऱ्या शब्दरचनेवरून. रकमेचा वाद नव्हता. त्याच उन्हाळ्यात ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले बरेच खेळाडू पूर्ण हमीसाठी थांबले होते. असं भांडण कोष्टकात उमटत नाही, त्यासाठी बातम्याच वाचाव्या लागतात.

स्पोट्रॅक या अशाच दुसऱ्या संकेतस्थळाशी तुलना अटळ आहे. तिथे दंड आणि निलंबनांची नोंद असते, प्रीमियर लीगसारख्या इतर खेळांचे करारही असतात, पण काही भाग सशुल्क आहे. कॅपचा हिशेब स्वतः करून बघायचा तर ओव्हर द कॅप सरस. दंडाची बाजू आणि इतर खेळ हवे असतील तर स्पोट्रॅकची दुसरी खिडकी उघडी ठेवावी. दोघांच्या आकड्यांत फरक दिसला तर बहुतेक वेळा कारण एवढंच, की कराराचे तपशील अजून पूर्ण बाहेर आलेले नाहीत. सहीच्या दिवशी येतो तो एजंटचा आकडा; वर्षवार वाटणी मागाहून भरली जाते. पहिले दोन-तीन दिवस कॅप नंबरवरून वाद घालू नये.

मोबाइलवर रुंद कोष्टक आडवं सरकवावं लागतं आणि वर्षाचा रकाना नजरेआड जातो, त्यामुळे लॅपटॉप बरा. वेळेचंही भान हवं. लीगच्या रोजच्या नोंदी पूर्व अमेरिकेच्या वेळेनुसार दुपारी ४ ला बंद होतात, तेव्हा पुण्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो. रात्री अकराला पान ताजं करत बसण्यापेक्षा सकाळच्या चहाला उघडलेलं चांगलं. २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. दुसऱ्या दिवशी, तिकडच्या २८ तारखेला, पार्सन्स डॅलसहून ग्रीन बेला गेला आणि चार वर्षांचा १८ कोटी ८० लाखांचा करार झाला. असे सौदे हंगामाच्या तोंडावर, बऱ्याचदा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होतात. तेव्हा त्या आठवड्यात रोज सकाळी, आणि १ जूनचा पर्याय तपासूनच.