मेटा ऍड्स मॅनेजर रिव्ह्यू: एंगेजमेंट ५० पैशाला, पण मेसेज केवढ्याला?

छोटं दुकान आहे आणि दर महिन्याला फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीत पैसे घालताय, अशांसाठी हा रिव्ह्यू. ऍड्स मॅनेजर म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या मेटा कंपनीचं जाहिराती लावायचं आणि त्यांचा हिशेब बघायचं साधन. त्या अख्ख्याचा रिव्ह्यू नाही, एका एंगेजमेंटला, म्हणजे जाहिरातीवर कुणी लाइक, क्लिक असं काही केलं त्याला, किती पडले हे तो कसं दाखवतोय तेवढ्यापुरताच. आमचं बेळगावच्या शहापूरला साड्यांचं दुकान, वडगाव-खासबागचा माल जास्त, आणि गिऱ्हाईक हद्दीच्या दोन्हीकडचं, कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीचे येतात तसे महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजचे पण येतात, त्यामुळं आमची जाहिरात दोन राज्यांत आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत चालते.

हिशेब तसा सरळ आहे, झालेला खर्च भागिले आलेल्या एंगेजमेंट. समजा ५०० रुपये गेले आणि १००० एंगेजमेंट आल्या तर एक पडली ५० पैशाला. ऐकायला भारी वाटतंय, पण त्या १००० मध्ये काय काय धरलंय ते बघा की. लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह, लिंकवरचं क्लिक हे तर आहेच, पण कुणी नुसता फोटो उघडला तरी एक, आणि व्हिडिओ ३ सेकंद चालला तरी एक. म्हणजे लग्नाचा बस्ता बांधायचाय म्हणून काठ नीट बघून कमेंटमध्ये भाव विचारणारी बाई आणि रील सरकवता सरकवता ३ सेकंद थांबलेला पोरगा, दोघं मोजणीत सारखेच. समजा त्या १००० मधले ९०० नुसते व्हिडिओ प्ले असले आणि दुकानाला मेसेज फक्त १० आले, तर एक मेसेज पडला ५० रुपयाला. ५० पैसे आणि ५० रुपये, दोन्ही आकडे खरे, पण दुकान चालवणाऱ्याला कुठला पाहिजे ते उघड आहे.

चांगली गोष्ट अशी की ऍड्स मॅनेजर हे सगळं सुटं करून दाखवतोय. कॉलममध्ये जाऊन कस्टमाइज करा, कमेंट, सेव्ह, शेअर, लिंक क्लिक, ३ सेकंदांचे प्ले वेगवेगळे लावा, आणि मेसेजिंग कॉन्व्हर्सेशन स्टार्टेड आणि त्याचा प्रत्येकी खर्च हे तर लावाच लावा. एकदा सेव्ह करून ठेवलं की दरवेळी तेच दिसतं. यासाठी मी मनापासून मार्क देतो. फक्त मेसेजच्या त्या आकड्यात एक मेख आहे, ज्या माणसानं मागच्या ७ दिवसांत तुम्हाला मेसेज केलेला नाही त्यानंच सुरू केलेलं बोलणं त्यात धरलं जातं, म्हणजे परवाच बोललेलं जुनं गिऱ्हाईक जाहिरात बघून परत आलं तर मोजत नाही. व्हॉट्सऍपवर तुमच्याकडं जास्त लोक दिसले आणि रिपोर्टमध्ये कमी, तर आधी हे आठवा.

आपल्या भागासाठी मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते ब्रेकडाउन, म्हणजे रिपोर्टमधले आकडे फोडून बघायची सोय. बेळगावावर पिन टाकून भोवती गोल मारला की तो जास्तीत जास्त ८० किलोमीटरपर्यंत जातो, त्यात निपाणी पण येतं, गडहिंग्लज पण आणि धारवाड पण, त्या गोलाला राज्याची हद्द माहीत नाही. पण रिपोर्टमध्ये रीजननं फोडलं की कर्नाटकचा खर्च वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा दिसतो. भाषेचं मात्र तुम्हालाच बघावं लागतं, मराठी मजकुराची आणि कन्नड मजकुराची ऍड वेगळी करा, नावातच मराठी, कन्नड असं लिहा, आणि दोन्हीला फोटो किंवा व्हिडिओ तोच ठेवा, नाहीतर मराठीला रील आणि कन्नडला फोटो दिला तर एंगेजमेंटच्या भावातला फरक भाषेचा का रीलचा काही कळत नाही.

आता न आवडलेलं. पोस्टखालचं बूस्टचं बटण (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) दाबणं सोपं आहे पण पुढं जाहिरातीचं उद्दिष्ट काय निवडलंय ते बघितल्याशिवाय पैसे भरू नका, कारण मेटा तुम्ही मागाल तसलीच माणसं शोधून देतंय, एंगेजमेंट मागितली तर लाइक ठोकणारी सापडतात, मेसेज मागितले तर मेसेज करणारी, आणि यातलं दुसरं बहुतेक वेळा महाग दिसतं. महाग दिसतंय म्हणून बंद करू नका. दुसरं, लर्निंगमधून, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे मेटा शिकत असतं त्या सुरुवातीच्या टप्प्यातून, बाहेर पडायला एका ऍड सेटला (एकाच भागातल्या लोकांसाठी लावलेल्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात, छोट्या दुकानाच्या बजेटमध्ये मेसेजचे एवढे रिझल्ट होणं अवघड, म्हणून चार गावांचे चार ऍड सेट करून पैसे वाटण्यापेक्षा एकच ठेवलेला बरा. आणि रिपोर्टमधला खर्च जीएसटी सोडून असतो, वर १८ टक्के धरा, ५० रुपयाचा मेसेज खरा ५९ ला पडतो. जीएसटी नंबर असेल तर तो अकाउंटच्या बिलिंगमध्ये घाला आणि भरलेल्या जीएसटीच्या क्रेडिटचं तुमच्या सीएला विचारा.

एजन्सीकडं काम दिलेल्यांना एवढंच सांगतो, आमच्याकडं एका एजन्सीचा रिपोर्ट आला होता त्यात नुसता एंगेजमेंटचा भाव मोठ्या अक्षरात आणि मेसेजचा कॉलमच नाही. असला रिपोर्ट घेऊ नका, ऍड अकाउंट स्वतःच्या नावावर ठेवा, त्यांना फक्त ऍक्सेस द्या आणि कॉलम स्वतः उघडून बघा.

५ पैकी ४ स्टार, एक कापला तो सगळं एकत्र करून दाखवणाऱ्या पहिल्या आकड्यासाठी. निपाणी-चिकोडीकडं कुणी कपड्याची किंवा मिठाईची जाहिरात करत असेल तर तुम्हाला मराठीत एक मेसेज केवढ्याला पडतोय आणि कन्नडमध्ये केवढ्याला ते खाली लिहा, जीएसटी धरून.