पाव पानाची जाहिरात आणि एक चुकलेला आकडा

फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचा आमचा घरचाच धंदा. हे आणि धाकटे भाऊजी कामावर जातात, फोन आणि वही माझ्याकडे. छापील डिरेक्टरीत दोन वर्षं पाव पान घेऊन झालंय. अजून फोन येतात का, असं धंद्यातले दोघं-तिघं विचारत होते, म्हणून वही उघडून लिहितेय.

जाहिरातीसाठी मी वेगळं सिम घेतलं होतं. तो नंबर ना गाडीवर, ना पावतीवर, ना गूगलवर. कारण "आमचा नंबर कुठून मिळाला?" असं विचारलं की निम्मे लोक "नेटवर" म्हणतात आणि बाकीचे "कुणीतरी दिला". त्यावरून हिशेब कसा करणार? हा फोन वाजला की समजायचं, पुस्तकातलं गिऱ्हाईक.

पहिल्या वर्षी त्यावर 38 फोन आले. पैकी 9 आणखी कुठेतरी जाहिरात द्या म्हणणाऱ्यांचे. पुस्तक सगळ्यांत मन लावून हेच लोक वाचतात बहुतेक! उरलेल्या 29 मधून 18 कामं झाली. गूगलवरून याच्या कितीतरी पट फोन येतात, पण त्यातले बरेचसे "येऊन नुसतं बघायचे किती घेता?" इथेच संपतात. पुस्तकवाली मंडळी बहुतेक वयस्कर. मशीन किती जुनं, आवाज कधीपासून येतोय, सगळं सांगणार आणि ठरल्या वेळी घरी असणार. शिवाय त्यांच्याकडची मशीनंही जुनी, म्हणजे उघडून दुरुस्त करता येणारी. "नवीनच घेऊन टाकतो" हे वाक्य त्या फोनवर मी क्वचित ऐकलं.

एका आजींकडे हे दाराचं रबर बदलायला गेले, तर आमची जाहिरात कात्रीने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. शेजारी डॉक्टरांचा नंबर. चौकटीच्या कडेला पेनाने तारीख, मागच्या खेपेला मोटर बदलली त्या दिवसाची. मला ते ऐकून फार बरं वाटलं. पाठच्या पानावर ज्याची जाहिरात होती त्याचं मात्र त्या घरापुरतं वाटोळं झालं.

दुसऱ्या वर्षी तो फोन थंड. एक महिना गेला, दोन गेले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, संपलं तुमचं पुस्तक." मीही मान्य करून टाकलं होतं. मग एक जुने गिऱ्हाईक भेटले आणि म्हणाले, "तुम्ही नंबर बदललात का? भलताच माणूस उचलतो." पुस्तक काढून बघितलं, तर सहाच्या जागी आठ छापलेला. सही केलेल्या प्रूफमध्ये नंबर बरोबर होता, तो कागद आजही माझ्याकडे आहे. डिरेक्टरीवाल्यांनी चूक कबूल केली, पुढच्या वर्षी सूट देऊ म्हणाले. दुरुस्ती? "पुढच्या आवृत्तीत, ताई." म्हणजे आणखी दहा महिने! गूगलवर नंबर चुकला असता तर त्याच दिवशी बसून बदलला असता. अमेरिकेत न्यू हेवनला 1878 मध्ये पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली, ती म्हणजे एक पुठ्ठा, 50 नोंदी आणि नंबर एकही नाही. ऑपरेटरला नाव सांगितलं की जोडून द्यायचा. आमचं तेव्हा काही बिघडलं नसतं.

त्या चुकलेल्या नंबरावर मी स्वतः फोन लावला, माफी मागायला. गृहस्थ आधी वैतागलेले होते. मग म्हणाले, "दोन महिन्यांत सहा-सात जणांनी मला फ्रिज गळतोय म्हणून सांगितलंय." मला हसावं की रडावं कळेना. म्हणजे पुस्तक मेलं नव्हतं, फोन दुसऱ्याच्या घरी वाजत होते. पुढे ते बिचारे प्रत्येकाला आमचा खरा नंबर सांगू लागले. डिरेक्टरी कंपनीपेक्षा त्यांची सेवा चांगली.

तरी पाव पान पुन्हा घेणार नाही. एजंट "हे माध्यम कधी मरत नाही" म्हणतो, पण ब्रिटनमध्ये 1966 साली ब्रायटनहून सुरू झालेल्या यलो पेजेसची शेवटची छापील प्रत जानेवारी 2019 मध्ये ब्रायटनमध्येच वाटली गेली. त्याला मी एवढंच विचारलं, की प्रती किती छापता ते राहू द्या, किती घरांत उघडली जाते ते सांगा. तो रंगीत चौकटीचा दर सांगू लागला. पण ज्यांना पुस्तक उघडायची सवय आहे ते 'दुरुस्ती' हा विभाग काढतात आणि बोट फिरवत खाली येतात. त्यांना चौकट रंगीत आहे की साधी, काय फरक पडतो? ठळक अक्षरांतल्या दोन ओळी पुरतात.

धंदा कोणता, हेही बघा. जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याला पुस्तकाचा थोडा उपयोग आहे. कुलूपवाल्याने मात्र पैसे घालवू नयेत, कारण बाहेर अडकलेल्या माणसाचं पुस्तक घरात असतं.

माझ्याकडून पाचपैकी अडीच तारे, त्यातला अर्धा त्या आजींचा. यंदा दोन ओळींचीच नोंद घेतली. एजंट प्रूफ घेऊन समोर बसला होता. नंबर नुसता वाचला नाही, त्याच्यासमोर प्रूफवरून एकेक आकडा दाबून लावला. आत ओट्यावर दुसरा फोन वाजला, तेव्हा सही केली. छापून आलेल्या पुस्तकावरूनही एकदा लावून बघणार आहे.