घरपोच लघवी चाचणीचे संच: मोजणी चोख, अहवाल कच्चा

प्लास्टिक आणि सौंदर्यप्रसाधनांतून शरीरात येणारी, हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करू शकणारी थॅलेट, बिस्फेनॉल आणि पॅराबेन ही रसायनं लघवीत मोजून देणाऱ्या घरपोच संचांची नावं वेगवेगळी असली तरी अहवालाचा साचा सहसा एकच असतो: प्रत्येक रसायनापुढे एक पट्टी, आणि बहुतेक पट्ट्या हिरव्या. मोजणीला पाचपैकी चार गुण, अहवालाला दीड.

मोजणी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणू वस्तुमानावरून ओळखण्याच्या पद्धतीवर) होत असेल तर शंका नको. एवढंच विचारा, की ग्लुकुरोनिक आम्लाला (रसायन बाहेर टाकण्यासाठी शरीर त्याला जोडतं त्या साखरेच्या रूपाला) चिकटलेले रेणू आधी एन्झाइमने सोडवून घेतात का. नसतील घेत, तर आकडा खोटाच कमी येतो. डबी पॉलिप्रॉपिलीनची हवी, पॉलिकार्बोनेटची नको. क्रीम लावलेल्या हाताने झाकण उघडलं तर पॅराबेनचा आकडा आपलाच आपण फुगवतो.

खरी अडचण नमुन्यांच्या संख्येची. ही रसायनं काही तासांतच शरीराबाहेर पडतात, म्हणून एका डबीतून फार तर कालचा दिवस कळतो. वेगवेगळ्या दिवशी सकाळची पहिली लघवी घेऊन निदान तीन नमुने द्यावेत, त्यात एक सुट्टीचा दिवस असावा. निकाल क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून साधारण ठरावीक वेगाने लघवीत येणाऱ्या द्रव्याच्या) प्रमाणात मागावा, नाहीतर पाणी जास्त प्यायलं की सगळंच कमी दिसतं.

आता अहवाल. रसायनं शरीरात एकेकटी येत नाहीत, पण पट्ट्या मात्र एकेकट्या. २००२ मध्ये यीस्टवरच्या एका प्रयोगात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखा क्षीण परिणाम करणारी आठ रसायनं एकत्र केली होती. प्रत्येकाची मात्रा एकट्याने परिणाम दिसणार नाही इतकी कमी होती, तरी मिश्रणाचा परिणाम ठळक दिसला. असाच एकत्र परिणामाचा विचार करून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने (एफ्सा) २०१९ मध्ये चार थॅलेटना मिळून एकच मर्यादा दिली: दर किलो वजनामागे रोज ५० मायक्रोग्रॅम, तीही त्यांतल्या डीईएचपी या एका थॅलेटच्या हिशेबात. बाकीच्या तिघांपैकी डीबीपीला ५ ने गुणायचं, बीबीपीला ०.१ ने, डीआयएनपीला ०.३ ने, डीईएचपी आहे तसं.

समजा रोजचं सेवन, दर किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये, डीबीपी ४, डीईएचपी २०, डीआयएनपी ४०, बीबीपी १०. गुणून २०, २०, १२ आणि १, बेरीज ५३. एकही थॅलेट मर्यादेच्या ४० टक्क्यांपुढे नाही, म्हणजे चारही पट्ट्या हिरव्या. बेरीज मात्र ५० च्या वर.

लघवीतून सेवन काढायला अहवाल मदत करत नाही, पण गणित अवघड नाही. डीबीपीचा मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात मोडून बनलेलं रूप (मोनोब्युटिल थॅलेट), दर ग्रॅम क्रिएटिनिनला ३० मायक्रोग्रॅम आला, वजन ६० किलो, आणि दिवसाचं क्रिएटिनिन १.२ ग्रॅम धरलं. ३० गुणिले १.२ म्हणजे ३६. सेवनाचा सुमारे ०.६९ हिस्साच या रूपात बाहेर पडतो, म्हणून भागिले ०.६९, रेणुभारांच्या गुणोत्तरासाठी गुणिले १.२५, शेवटी भागिले ६०. उत्तर दर किलोमागे रोज सुमारे १.१ मायक्रोग्रॅम. डीईएचपीसाठी एमईएचपी या त्याच्या पहिल्या मेटाबोलाइटवर विसंबू नका, तो बाहेरच्या प्रदूषणानेही वाढतो. त्याच्यापासून शरीरातच पुढे बनणारे ऑक्सिडीकृत मेटाबोलाइट घ्या.

‘सापडले नाही’ म्हणजे शून्य नव्हे. बेरजेत तिथे शोधमर्यादा (चाचणीला ओळखता येणारी किमान मात्रा) भागिले १.४१ घालायची पद्धत आहे. शोधमर्यादाच दिली नसेल तर तो रकाना निरुपयोगी.

बिस्फेनॉल ए मात्र या बेरजेत कोंबू नये. त्याची मर्यादा २०२३ मध्ये एफ्साने दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, जर्मनीची जोखीम-मूल्यांकन संस्था २०० नॅनोग्रॅम धरते. आकडा हजारपट फिरतो. शिवाय एफ्साची मर्यादा रोगप्रतिकारक शक्तीवरच्या परिणामावर आधारलेली, थॅलेटची प्रजननावरच्या. अहवालात दोन्ही मिळून एकच ‘हार्मोन स्कोअर’ दिला असेल, तर प्रत्येक आकड्याला कोणत्या मर्यादेने भागलं ते लेखी मागा.

पैसे भरण्याआधी अहवालाचा नमुना मागवा. त्यात मेटाबोलाइटचे कच्चे आकडे, क्रिएटिनिन आणि शोधमर्यादा दिसत असतील तर संच घ्यायला हरकत नाही. नुसत्या रंगीत पट्ट्या असतील तर नको.