'पण हे योग्य आहे का?' : एका कौटुंबिक समुपदेशन सेवेचा अनुभव

आपले एका मुलीवर प्रेम आहे असे आमच्या मुलीने घरी सांगितले, त्यानंतर मी आणि माझे यजमान या समुपदेशन सेवेकडे गेलो आणि आमच्या एकूण पाच बैठका झाल्या. त्याआधी गाठलेल्या एका डॉक्टरांनी मुलगी 'सुधारेल' अशी हमी दिली होती. समलैंगिकता हा आजार नाही, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून वगळली आहे आणि असल्या 'उपचारां'नी माणूस बदलत नाही, फक्त खचतो, हे आम्हाला इथे पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगण्यात आले.

आमच्या मनातला खरा सल मात्र वेगळाच होता आणि यजमानांनी तो दुसऱ्या बैठकीत बोलून दाखवला : "आजार नसेल, पण हे योग्य आहे का?" समुपदेशक बाईंनी विषय बदलला नाही, की त्यांना मागासलेलेही ठरवले नाही. एखादी गोष्ट अनीतीची म्हणायची तर तिच्यात कोणाची फसवणूक, कोणावर जबरदस्ती किंवा कोणाचे नुकसान होते ते सांगता आले पाहिजे, असे म्हणून त्या थांबल्या आणि आम्हाला उत्तर शोधायला त्यांनी भरपूर वेळ दिला. यजमान म्हणाले, हे निसर्गाविरुद्ध आहे. अनेक प्राण्यांत समलिंगी जोड्या दिसतात, हे उत्तर बाईंना सहज देता आले असते. पण काही प्राणी स्वतःची पिल्लेही खातात, तेव्हा निसर्गात काय घडते यावरून बरेवाईट ठरतच नाही, असे त्या म्हणाल्या. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. मग मी आमच्या दुःखाचे काय, असे विचारले. मुलाने आईवडिलांच्या मनाविरुद्ध पेशा निवडला तरी ते दुखावतात, पण तेवढ्याने तो पेशा अनीतीचा होतो का, या त्यांच्या प्रश्नावर मला काही बोलता आले नाही. नुकसान कोणाचे, हाच प्रश्न इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८५ च्या सुमारास मांडला होता आणि ते लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही, हेही मला तिथेच कळले.

धर्मश्रद्धेचा विषय घाईत उरकला गेला; त्याला एक पूर्ण बैठक हवी होती.

माझी खरी तक्रार आहे ती शेवटी मिळालेल्या पुस्तिकेबद्दल. ही ओढ व्यक्तीने निवडलेली नसते, म्हणून तिला दोष देऊ नये, असे तिच्यात लिहिले आहे. मुलीने ते वाचून विचारले, "म्हणजे मला निवडता आलं असतं, तर मी दोषी ठरले असते का?" ओढ निवडता येत नाही हे खरेच, पण या युक्तिवादात दोष गृहीत धरून वर माफी दिलेली आहे. तिच्या मैत्रिणीला ताप आला त्या रात्री ही दर तासाला उठून फोनवर तिची विचारपूस करत होती आणि दाराआडून मी ते ऐकत होते. त्यात माफ करण्याजोगे काय होते?

हे मी सेवेला लेखी कळवले आहे. बैठकांसाठी मी ही सेवा कोणत्याही आईवडिलांना निःशंकपणे सुचवीन. पुस्तिका मात्र मुलांच्या हाती देण्याआधी त्यांनी ते पान स्वतः वाचावे.