मरळीसाठी बांधून घेतलेला रॉड : उद्यमबागेतल्या एका कारागिराचे काम

हिडकल धरणाच्या फुगवट्यात गवताच्या कडेने मरळ शोधायची तर रॉड कसा असावा, यावरून माझी दुकानदारांशी सहा-सात वर्षे वादावादी चालू होती. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारागिराने ती चार प्रश्नांत मिटवली. हे गृहस्थ दिवसा लेथवर काम करतात आणि संध्याकाळी ऑर्डरीप्रमाणे मासेमारीचे रॉड बांधून देतात. शेडवर पाटी नाही आणि कामे तोंडोतोंडीच येतात. मी गेलो तो रंगांचे फोटो मोबाईलमध्ये भरून. त्यांनी ते बघितलेही नाहीत. मासा कोणता, काठावरून टाकणार की होडीतून, रीळ कुठले आणि तिथपर्यंत जाता कशाने, एवढेच त्यांनी विचारले. "रंग मागनं ठरवूया की, खरं आधी तुमचं रीळ घेऊन या," असे सांगून त्यांनी मला परत पाठवले. तेव्हा थोडा राग आला होता. आता वाटते, या कारागिराकडे जाण्याचे निम्मे कारण त्या वाक्यातच आहे.

बांधून घेतलेल्या रॉडचा जीव ब्लँकमध्ये असतो आणि खर्चाचा मोठा वाटाही तिथेच जावा, हे त्यांचे मत मला पटले. ब्लँक म्हणजे कार्बन किंवा काचतंतूच्या कापडाची साच्यावर गुंडाळून भाजलेली पोकळ, निमुळती नळी. ती किती जोर सोसते आणि वाकताना कुठून वाकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तयार रॉड विकणारे बहुतेक जण त्यांची गल्लत करतात. मरळीच्या जबड्यात हाड असते आणि रबरी बेडकाचे, म्हणजे मरळीसाठीच्या बनावट आमिषाचे, गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात. त्यामुळे हिसका बसला की तो टोकाच्या लवचिकपणात विरून जाता कामा नये, तो थेट गळापर्यंत पोचला पाहिजे. शिवाय मासा लागल्यावर त्याला खेळवत बसायला वेळ नसतो, तो शेवाळात शिरण्याआधी बाहेर ओढावा लागतो. मात्र टोक अगदीच ताठ ठेवले तर दहा-बारा ग्रॅमचा बेडूक लांब जात नाही. या ओढाताणीतून आम्ही सात फुटांचा, मध्यम-जड ताकदीचा, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकणारा आणि ७ ते २८ ग्रॅमची आमिषे झेलणारा ब्लँक निवडला.

मला हवा होता ४० टन कार्बनचा. जास्त टन म्हणजे जास्त मजबूत, अशी माझी पक्की समजूत होती. ती चुकीची आहे. हा आकडा तंतूचा ताठरपणा सांगतो, तुटण्याविरुद्धची ताकद सांगत नाही. ताठर तंतू वापरला की तेवढ्याच जोरासाठी भिंत पातळ ठेवता येते आणि वजन उतरते, पण तीच पातळ भिंत दगडावर आपटली की चिरते, आणि ती चीर दिसतेच असे नाही. मी मोटरसायकलवरून जातो आणि धरणाच्या काठावर रॉड खडकाला टेकवून चहा पितो, हे ऐकल्यावर कारागिराने ३० टनांच्या वर जायला स्पष्ट नकार दिला. प्रवासाचा विचार करूनच ब्लँक दोन समान तुकड्यांचा घेतला. वरचा तुकडा खालच्यावर बसतो आणि त्याच्या तोंडाशी घट्ट दोरा गुंडाळलेला आहे. तो शोभेसाठी नाही. जोर पडला की बाहेरची नळी तिथेच उभी फाटते, म्हणून ती जागा बांधावी लागते.

गाईडच्या, म्हणजे दोरा ओवायच्या रॉडवरच्या कड्यांच्या, बाबतीत या माणसाची खरी करामत दिसली. सात फुटांच्या रॉडला फुटांच्या संख्येत एक मिळवून आठ गाईड, शिवाय टोकाचा एक, हा ठोकताळा सगळेच सांगतात. प्रश्न ते कुठे बसवायचे याचा असतो. स्पिनिंग रिळावरून, म्हणजे रॉडखाली लटकणाऱ्या आणि फिरकी स्थिर असलेल्या रिळावरून, दोरा मोठमोठी वेटोळी घेत सुटतो. पहिल्या काही गाईडनी ती वेटोळी आवळत नेली नाहीत, तर दोरा ब्लँकवर फटके मारतो आणि आमिष मधेच रेंगाळते. स्पूलच्या, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या फिरकीच्या, व्यासाला २७ ने गुणून येईल तेवढ्या रिळापासूनच्या अंतरावर आवळण्याचा शेवटचा गाईड ठेवावा, अशी एक जुनी पद्धत आहे. माझ्या रिळाचा स्पूल ४५ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वा मीटरला थोडे कमी. कारागिराने ते अंतर पेन्सिलीने मांडले, पण फुजी कंपनीच्या उंच पायांच्या नव्या धाटणीच्या गाईडमध्ये हे आवळणे बरेच आधी उरकते, असे सांगून खूण मागे रिळाकडे सरकवली. पहिला २५ मिलिमीटरचा, मग १६, मग ८ आणि पुढे टोकापर्यंत साडेपाचचे, अशी उतरंड ठरली. मग सगळे गाईड नुसत्या चिकटपट्टीने लावून त्यांनी मला शेडमागच्या मोकळ्या जागेत वीस-पंचवीस वेळा फेकायला लावले. दर चार-पाच फेकींनी ते एखादा गाईड बोटभर सरकवत होते. पत्र्यावर बसलेली दोन कुत्री एवढाच आमचा प्रेक्षकवर्ग होता.

त्यानंतर रॉडची मूठ शिकंज्यात आवळून, दोरा गाईडमधून ओवून त्याला वजन टांगले. वाकलेल्या रॉडवर दोरा ब्लँकच्या कमानीला धरून जायला हवा. दोन गाईडच्या मध्ये तो कमान सोडून सरळ रेषेत ताणला गेला तर तिथला भार नीट वाटला गेलेला नाही, असे समजायचे. आमच्या रॉडवर टोकाकडच्या दोन गाईडमध्ये असेच दिसले आणि ते जवळ घ्यावे लागले. तयार रॉड विकत घेणाऱ्याला ही कसोटी कधी दाखवली जात नाही. माझ्या मते मजुरीचे पैसे इथेच वसूल होतात.

गाईडच्या आतल्या कड्यांच्या बाबतीत मी एकदा पोळलो आहे. पूर्वीच्या स्वस्त रॉडला क्रोम चढवलेल्या लोखंडी कड्या होत्या. तंगूस वापरत होतो तोवर त्या टिकल्या. विणलेला दोरा घातल्यावर मात्र एकाच हंगामात टोकाच्या कडीला नखाने जाणवेल अशी खाच पडली आणि तीच खाच मग दोरा कापू लागली. म्हणून या वेळी सिरॅमिक कडीशिवाय काही घ्यायचे नाही, असे ठरवून गेलो होतो. सिलिकॉन कार्बाइडची कडी खूप गुळगुळीत असते, पण महाग पडते. कारागिराने त्याखालच्या प्रतीची ॲल्कोनाइट सुचवली. चौकट टायटॅनियमची हवी का, या प्रश्नावर त्यांनी मलाच उलट विचारले की कारवारला किंवा गोव्याला समुद्रावर किती वेळा जाता. वर्षातून एकदा, तेही घरच्यांबरोबर. मग स्टेनलेस स्टील पुरे. सगळे महागातले गळ्यात मारायची संधी समोर असताना हे ऐकायला मिळाले, त्याचे मला अप्रूप वाटले.

ब्लँकच्या 'कण्या'विषयी मात्र मतभेद आहेत आणि ते नोंदवायला हवेत. कापड गुंडाळताना एका बाजूला थर जास्त येतो आणि ब्लँक त्या बाजूला वेगळा वाकतो. ती बाजू शोधून गाईड तिच्याच हिशेबाने बसवले नाहीत तर रॉड हातात पिळतो, असे मला दुसऱ्या एका विक्रेत्याने ठासून सांगितले होते. हा कारागीर ते मानत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे स्पिनिंग रॉडचे गाईड खाली लोंबकळत असल्याने तो पिळण्याचा प्रश्नच येत नाही. पिळतो तो गाईड वर असलेला कास्टिंग रॉड, आणि तो कणा कसाही ठेवला तरी पिळतोच. म्हणून ते ब्लँक डोळ्यासमोर धरून त्याची सर्वांत सरळ दिसणारी बाजू निवडतात. माझा रॉड पूर्ण भाराखाली पिळलेला नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

मुठीत मी हौस केली. रीळ सीटमध्ये, म्हणजे रीळ बसवायच्या जागी, शिसवी लाकडाचा तुकडा त्यांनी स्वतः लेथवर काढून बसवला आणि आतून-बाहेरून इपॉक्सी राळ पाजून पाणी आत शिरणार नाही याची काळजी घेतली. दिसायला तो देखणा आहे आणि बोटांना गार लागतो. कॉर्कला मात्र त्यांनी नाखुशीच दाखवली. उत्तम प्रतीचा कॉर्क महाग पडतो आणि हलक्या प्रतीत भोके भुशाच्या लांबीने, म्हणजे लगद्याने, बुजवलेली असतात. ती लांबी वर्षभरात गळून पडते. त्यामुळे मागची मूठ ईव्हीए फोमची, दोन तुकड्यांत, मध्ये ब्लँक उघडा, अशी केली.

गाईड बांधायच्या दोऱ्याची गोष्ट थोडी लांबवून सांगतो, कारण ती आमच्या गावाची आहे. शहापूर-वडगावच्या मागांवरचा रेशमी धागा रॉडला वापरावा, असे माझ्या मनात होते. बांबू चिरून बनवलेल्या जुन्या फ्लाय रॉडना गाईड रेशमानेच बांधत, तेव्हा कल्पना अगदी वेडगळ नव्हती. ओळखीच्या एका विणकराकडून अंजिरी रंगाचे थोडे रेशीम आणि जरीचे दोन वार मिळाले. कारागिराने एका टाकाऊ नळीवर नमुना गुंडाळून त्यावर इपॉक्सी लावली, तेव्हा अंजिरी रंग पार काळपट पारदर्शक झाला आणि खालचा गाईडचा पाय दिसू लागला. रंग राखणारे द्रावण आधी पाजले तर रंग राहतो, पण मग धाग्यात इपॉक्सी मुरत नाही आणि पकड थोडी कमी होते. शेवटी गाईडचे बांधकाम नायलॉनच्या बारीक 'ए' क्रमांकाच्या दोऱ्याने केले. रेशीम फक्त मुठीच्या वर, भार नसलेल्या जागी, शंकरपाळ्यांच्या नक्षीत वापरले. जरीचे चार फेरे प्रत्येक बांधणीच्या कडेला आले आहेत. शंकरपाळ्या एका जागी केसभर सरकल्या आहेत. ते मला दिसते, दुसऱ्या कुणाला अजून दिसलेले नाही.

तक्रार आहे ती इपॉक्सीची. दोन्ही भाग सारख्या मापाने, वेगवेगळ्या सिरिंजने मोजून, फेस न आणता ढवळायचे आणि लावल्यावर ओघळ येऊ नये म्हणून रॉड सतत फिरता ठेवायचा, अशी रीत आहे. त्यांच्याकडे त्यासाठी मायक्रोवेव्ह ओव्हनच्या तबकडीची मोटर आहे, मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी. जुगाड उत्तम आहे. पण ऐन जुलैच्या झडीत काम घेतले आणि एका घाण्याचे माप चुकले असावे, कारण आठवड्यानंतरही तीन गाईडवरचा थर बोटाला चिकटत होता. नीट मिसळलेला दुसरा हात दिल्यावर एक सुधारला. उरलेले दोन मात्र दोरा कापून नव्याने बांधावे लागले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, पण तीन आठवड्यांचे सांगितलेले काम सहा आठवड्यांवर गेले आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही, हे मला खटकले. ज्यांना घाई असेल त्यांनी पावसाळा सोडून ऑर्डर द्यावी.

एकूण खर्च १४,७०० रुपये झाला. त्यात ब्लँक ५,८००, गाईड ३,४००, रीळ सीट १,२००, मूठ ७००, दोरा-इपॉक्सी ४०० आणि मजुरी ३,२००. एवढ्या पैशात नावाजलेल्या कंपनीचा तयार रॉड येतो आणि त्याला कंपनीची हमीही असते, हे खरे आहे. ज्याला अजून आपला मासा आणि आपले पाणी ठरवता आलेले नाही, त्याने तो तयारच घ्यावा.

ऑक्टोबरपासून हा रॉड मी हिडकलला आणि दोनदा नविलुतीर्थाच्या फुगवट्यावर वापरला. बारा ग्रॅमचा बेडूक पूर्वीच्या रॉडपेक्षा निश्चित लांब जातो आणि दोऱ्याचा फटफट आवाज पूर्ण थांबला आहे. दोन किलोच्या आसपासची एक मरळ पाणवेलीच्या जाळीतून सरळ ओढून काढता आली. तिथे पूर्वीचा रॉड कोपरापर्यंत वाकून बसला असता. दिवसभर फेकूनही मनगट दुखत नाही, कारण तोल बरोबर पुढच्या बोटावर येतो. एक दोष मात्र वापरल्यावरच कळला, तो म्हणजे मागची मूठ लांब झाली आहे. माप घेताना मी सपाट फरशीवर ताठ उभा होतो. काठावर मात्र मी बसून, रॉड खाली झुकवून बेडूक नाचवतो आणि दर झटक्याला बुड कोपराखाली शर्टात अडकते.

दुसरा रॉड आता सांगितला आहे, यडूरकडे कृष्णेतल्या शिवडा माशासाठी, काचतंतूचा, आठ फुटी, कास्टिंग रिळाचा. त्याचे गाईड मुठीजवळ वर सुरू होऊन टोकाकडे वळणावळणाने खाली उतरतील, म्हणजे तो पिळणार नाही. मूठ अडीच इंच आखूड ठेवायची आहे, आणि या वेळचे माप मी त्यांच्या लेथपुढच्या स्टुलावर, काठावर बसतो तसाच बसून दिले आहे.